चार्ल्स राजाची जहाजपट्टी आणि पार्लमेंटशिवाय ११ वर्षांचा जमाखर्च

खतावणी

३० जानेवारी १६४९ रोजी इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याचं मुंडकं उडवलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याआधीची २४ वर्षं राजा आणि पार्लमेंट कशावरून भांडत होते असं विचारलं, की 'धर्म' किंवा 'राजाचा दैवी अधिकार' असं उत्तर येतं. दोन्ही खरं आहे. पण रोजच्या भांडणाचा विषय पैसा होता, आणि त्यातही 'किती' यापेक्षा 'किती मुदतीसाठी'. हा धागा तेवढ्यापुरताच.

आधी व्यवस्था समजून घेऊ. शांततेच्या काळात राजाने स्वतःच्या उत्पन्नावर भागवावं अशी रीत होती. खाजगीच्या जमिनी, सरंजामी हक्क आणि बंदरांवरची जकात हे ते उत्पन्न. लढाई निघाली तर पार्लमेंट बोलवायचं आणि त्याच्याकडून सब्सिडी नावाचा कर मंजूर करून घ्यायचा. या कराची आकारणी स्थानिक जमीनदारच करत, म्हणजे स्वतःची आणि शेजाऱ्याची. महागाई वाढली तरी आकारणीचे आकडे जागचे हलले नाहीत. १६४० पर्यंत एका सब्सिडीचे जेमतेम ७० हजार पौंड धरले जात. तेवढ्यात लढाई होत नाही.

जकातीचं नाव टनेज आणि पाउंडेज. दारूच्या दर पिंपामागे ३ शिलिंग आणि इतर मालावर पौंडामागे १ शिलिंग, म्हणजे ५ टक्के. १५व्या शतकापासून पार्लमेंट ही जकात प्रत्येक नव्या राजाला तहहयात देत आलं होतं. १६२५ मध्ये चार्ल्स गादीवर आला तेव्हा कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने, ती फक्त एका वर्षासाठी द्यायचं ठरवलं. विधेयक लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, अडकलं, म्हणजे वर्षाचीही मंजुरी मिळाली नाही. राजाने जकात तरीही वसूल केली. माझ्या मते यादवीचा पहिला धागा इथे सापडतो.

पुढचं थोडक्यात. १६२६-२७ मध्ये सक्तीचं कर्ज. नकार देणारे तुरुंगात, आणि त्यांतल्या पाच सरदारांनी कोर्टात कारण विचारलं तर उत्तर 'राजाची खास आज्ञा'. त्यावरून १६२८ चा हक्कांचा अर्ज. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नको, कारण न दाखवता कैद नको, घरोघरी सैनिक ठेवणं नको, शांततेत लष्करी कायदा नको, या त्यातल्या चार मागण्या. राजाने मान्यता दिली आणि बदल्यात पाच सब्सिड्या घेतल्या. पण अर्जात टनेज-पाउंडेजचा नावाने उल्लेख नव्हता, म्हणून ती वसुली चालूच राहिली. रोल नावाच्या एका सभासद-व्यापाऱ्याचा माल जकातवाल्यांनी जप्त केला आणि २ मार्च १६२९ ला सभागृहात राडा झाला. सभापती फिंच उठून जाऊ नये म्हणून होलिस आणि व्हॅलेंटाइन या दोघांनी त्याला खुर्चीत दाबून धरलं आणि ठराव वाचले. राजाने पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची ११ वर्षं बोलावलंच नाही.

ही ११ वर्षं त्याने कशावर काढली ते प्रतिसादांत बघू. जाणकारांनी भर घालावी.

बारव

छान धागा. ११ वर्षांतल्या किरकोळ पण चविष्ट बाबी मी देते.

सरदारकीचा दंड. ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला ४० पौंड आहे त्याने राज्याभिषेकाला हजर राहून सरदारकी घ्यावी असा मध्ययुगीन नियम होता. तो ठरला तेव्हा ४० पौंड ही मोठी रक्कम होती. १६३० पर्यंत बऱ्यापैकी शेतकरीही त्यात बसू लागला. जे हजर नव्हते, म्हणजे जवळपास सगळेच, त्यांना दंड. यातून सुमारे पावणेदोन लाख पौंड आले. कायद्याने बिनचूक आणि लोकांच्या दृष्टीने निव्वळ लबाडी.

मग राखीव जंगलांच्या जुन्या हद्दी शोधून आत आलेल्या जमीनदारांना दंड. आणि मक्तेदाऱ्या. १६२४ च्या कायद्याने व्यक्तीला मक्तेदारी देता येत नव्हती, पण कंपन्यांना सूट होती. त्याच फटीतून १६३२ मध्ये साबणाची कंपनी निघाली. भागीदारांत कॅथलिक मंडळी होती म्हणून लंडनकरांनी त्या मालाला 'पोपचा साबण' नाव ठेवलं. साबण चांगला आहे हे पटवायला जाहीरपणे कपडे धुऊन दाखवावे लागले, यावरून काय ते समजा.

शंकासुर

दोन शंका. एक, जहाजपट्टी हा नवा कर होता का? दोन, जहाजपट्टी भरायला नकार देणाऱ्या हॅम्पडेनचा खटला २० शिलिंगांचा म्हणतात. एवढ्या मोठ्या जमीनदाराने एका पौंडासाठी कोर्टात जायचं म्हणजे नाटकच नाही का?

वहिवाट

शंकासुरा, पहिलीचं उत्तर: प्रथा जुनी, व्याप्ती नवी. संकटकाळी बंदरांनी राजाला जहाजं द्यायची ही चाल होतीच. १६३४ चा पहिला हुकूम बंदरांना आणि किनारी भागालाच गेला, तेव्हा फार कुरकुर झाली नाही. १६३५ मध्ये तोच हुकूम समुद्राचं तोंड न पाहिलेल्या आतल्या परगण्यांनाही गेला. आणि दर वर्षी जाऊ लागला. संकट दर वर्षी ठरल्यासारखं येतं का, हा प्रश्न लोकांना पडणारच.

वसुलीची रीत अशी. हुकूम परगण्याच्या शेरीफच्या नावे निघे. त्यात टक्केवारी नसे, एकूण बोजा असे. बकिंगहॅमशरला सांगितलं: ४५० टनांचं एक जहाज, १८० माणसं, शस्त्रं आणि शिधा, १ मार्चपर्यंत तयार ठेवा. जहाज नसेल तर ४,५०० पौंड भरा. त्या परगण्याला समुद्रकिनाराच नाही, तेव्हा पैसे भरणं आलंच. शेरीफने ती रक्कम तालुक्यांवर, तालुक्याने गावांवर आणि गावाने घरांवर फोडायची. न देणाऱ्याची गुरं-भांडी जप्त करून लिलाव. शेरीफची मुदत एक वर्षाची, पण थकबाकीची जबाबदारी पद गेल्यावरही त्याच्याच मानेवर.

पैसा तिजोरीत न जाता थेट आरमाराच्या खजिनदाराकडे जाई. यातच कायद्याची मेख आहे. हा कर नाही, जहाज देण्याच्या सेवेचा मोबदला आहे, आणि सेवेला पार्लमेंटची संमती लागत नाही, असा राजाच्या वकिलांचा युक्तिवाद होता.

दुसरी शंका. २० शिलिंग हे हॅम्पडेनच्या स्टोक मॅन्डेव्हिल या एकाच गावच्या जमिनीवरचे. रक्कम मुद्दाम लहान आहे. कसोटीचा खटला लहान रकमेवरच लढतात, म्हणजे 'पैसे वाचवायला आला' असं कुणी म्हणू शकत नाही.

त्याचा वकील ऑलिव्हर सेंट जॉन याने 'राजाला अधिकार नाही' असं म्हटलंच नाही. शत्रू दारात असेल तर राजा काहीही मागू शकतो हे त्याने मान्य केलं. मग तारखा मांडल्या. हुकूम ऑगस्ट १६३५ चा, जहाज हवं मार्चमध्ये. मध्ये सात महिने. पार्लमेंट बोलवायला ४० दिवसांची नोटीस लागते. म्हणजे विचारायला वेळ होता, विचारायचं नव्हतं.

१२ न्यायाधीशांनी जून १६३८ पर्यंत निकाल दिले: ७ राजाच्या बाजूने, ५ विरुद्ध.

टांकसाळ

वहिवाट, एक पुरवणी. ते पाचही काही तत्त्वासाठी उभे नव्हते. मूळ मुद्द्यावर ठामपणे विरोधात गेले क्रोक आणि हटन. ब्रॅमस्टन आणि डेव्हनपोर्ट हे तांत्रिक त्रुटीवर विरुद्ध गेले. डेनहॅम आजारी होता, त्याने त्रोटक मत लिहून पाठवलं.

आणि राजाने वर्षभर आधी, फेब्रुवारी १६३७ मध्ये, याच न्यायाधीशांकडून 'संकट आहे की नाही हे ठरवणारा राजा एकटाच' असं लेखी मत घेऊन ठेवलं होतं. एवढी तजवीज करूनही पाच फुटले, म्हणून जिंकूनही राजाची पत गेली. बर्कली या न्यायाधीशाने तर 'राजा म्हणजेच कायदा' अशा अर्थाचं लिहिलं आणि ज्यांना पट्टी जाचत नव्हती त्यांनाही घाबरवून सोडलं.

एका गैरसमजाबद्दल: राजाने हे पैसे उधळले असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. पैसा खरंच आरमारावर गेला. उत्तर आफ्रिकेचे चाचे आयर्लंडच्या किनाऱ्यावरून माणसं पळवत होते (बाल्टिमोर गाव, १६३१). १६३७ मध्ये त्यांच्या साले बंदरावर याच आरमाराची मोहीम गेली. पट्टीचा उपयोग चांगला होता, मंजुरी नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

नदीष्ट

वसुलीचे आकडे राहिले. १६३५, ३६, ३७ या तीन हुकुमांनी दर वर्षी २ लाख पौंडांच्या जवळपास मागितले आणि ९० टक्क्यांवर वसूलही झाले. त्या काळच्या कोणत्याही कराला न मिळालेलं यश! तेव्हा तक्रारी तत्त्वाच्या नव्हत्या, वाटणीच्या होत्या: 'शेजारच्या गावाला कमी, आम्हाला जास्त का'. अशा अर्जांचे गठ्ठे राजाच्या खासगी मंडळापुढे येत.

१६३८ ची मागणी ७० हजारांच्या आसपास होती. १६३९ मध्ये पुन्हा २ लाखांवर मागणी, आणि वसुली साधारण पाचवा हिस्सा. फरक पडला कशाने? खटल्याने थोडा, पण खरा फरक राजाच्या स्कॉटलंडशी निघालेल्या लढाईने. त्याच शेरीफना आणि त्याच गावांना आता सैनिकांच्या कोटांचा आणि प्रवासाचाही खर्च भरायला सांगितला गेला. जप्त केलेली गाय लिलावात घ्यायला कुणी पुढे येईना. सगळी मदार बिनपगारी स्थानिक माणसांवर होती. ती बसली की राजाकडे स्वतःचे कारकून नव्हतेच.

शंकासुर

हे पटलं. नाटक म्हणालो ते मागे घेतो. पण मग १६४० मध्ये पार्लमेंट बोलावल्यावर राजाने ते पुन्हा बरखास्त का नाही केलं? आधी तर तो सहज करत होता.

खतावणी

केलं की! एप्रिल १६४० मध्ये बोलावलेलं पार्लमेंट तीन आठवड्यांत, ५ मे रोजी, घरी पाठवलं. सौदा असा होता की राजा जहाजपट्टी सोडेल, बदल्यात १२ सब्सिड्या, म्हणजे ८ लाख ४० हजार पौंड, द्या. कॉमन्सचं म्हणणं, बेकायदा वस्तू सोडायची किंमत आम्ही का मोजायची? आणि आधी गाऱ्हाणी, मग पैसा.

नोव्हेंबरचं पार्लमेंट मात्र त्याला बरखास्त करता येईना, आणि कारण शुद्ध हिशेबाचं आहे. २८ ऑगस्टला न्यूबर्नला स्कॉट जिंकले आणि न्यूकॅसल घेऊन बसले. लंडनचा कोळसा तिथूनच येई. रिपनच्या तहात ठरलं की कायमचा तह होईपर्यंत इंग्लंडने स्कॉट सैन्याला दिवसाला ८५० पौंड द्यायचे. महिन्याला २५,५०० पौंड. एवढं कर्ज सावकार फक्त पार्लमेंटच्या हमीवर देणार. पार्लमेंट मोडलं की हमी संपली, हमी संपली की स्कॉट दक्षिणेकडे निघाले. परक्या सैन्याने पार्लमेंटला दिलेलं हे संरक्षण होतं. पिमसारख्या पुढाऱ्यांनी ते ओळखलं आणि पैसे पुरवण्याची घाई केली नाही.

या अवधीत त्यांनी कायदे करून घेतले: फेब्रुवारी १६४१ मध्ये तीन वर्षांतून एकदा पार्लमेंट भरलंच पाहिजे, मेमध्ये आमच्या संमतीशिवाय आम्हाला मोडता येणार नाही, ऑगस्टमध्ये जहाजपट्टी रद्द. मेमधली सही राजाने स्ट्रॅफर्डच्या मृत्युदंडाच्या कायद्याबरोबर एकाच दिवशी केली. मंत्र्याचा जीव आणि स्वतःचा हुकमी एक्का, दोन्ही एका दिवसात गेले.

बारव

पहिल्या कायद्यातली कळ सांगण्यासारखी आहे. राजाने पार्लमेंट बोलावलं नाही तर चॅन्सेलरने बोलवायचं. त्याने टाळलं तर १२ उमरावांनी. तेही बसून राहिले तर शेरीफनी निवडणूक घ्यायची, आणि शेरीफ गप्प बसले तर मतदारांनी स्वतः जमून. 'राजाने करावं' एवढंच लिहून थांबणारा कायदा काय कामाचा, हे ते ११ वर्षांत शिकले होते. १६६४ मध्ये चार्ल्स दुसऱ्याने कायद्याचं नाव ठेवलं आणि ही सगळी साखळी काढून टाकली. परिणाम: १६८१ ते ८५ त्याने पार्लमेंट बोलावलं नाही आणि कुणाला काही करता आलं नाही.

आडवाट

सगळे पार्लमेंटच्या कौतुकात आहेत म्हणून थोडा विरोधी सूर.

१६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई सुरू झाल्यावर पार्लमेंटने काय केलं? जुलै १६४३ मध्ये अबकारी कर आणला. बिअर, तंबाखू, पुढे मांस आणि मीठसुद्धा. हॉलंडची ही चीज पिमने इंग्लंडात आणली. फेब्रुवारी १६४७ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात लोकांनी अबकारीचं कार्यालय जाळलं, मग मांस आणि घरगुती मिठावरचा कर मागे घेतला. शिवाय जमीन-उत्पन्नावर मासिक आकारणी. १६४९ मध्ये ती दरमहा ९० हजार पौंड होती, वर्षाला १० लाख ८० हजार. जहाजपट्टीच्या पाचपटीहून जास्त! आणि आकारणीची पद्धत जहाजपट्टीचीच: परगण्याला ठरीव बोजा, खाली फोडत जा.

राजा गेल्यावर सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचं तर काय सांगावं. १६५५ मध्ये कोनी नावाच्या व्यापाऱ्याने जकात नाकारली. मुद्दा हॅम्पडेनचाच, की ही पार्लमेंटने मंजूर केलेली नाही. क्रॉमवेलने त्याचे तिन्ही वकील लंडनच्या टॉवर तुरुंगात टाकले. सरन्यायाधीश रोल (वरचा व्यापारी रोल नव्हे) याने राजीनामा दिला. चार्ल्सने हॅम्पडेनच्या वकिलाला निदान बोलू दिलं होतं.

वहिवाट

आडवाट, आकडे मान्य. पण एक फरक धरा. लढाईतले कर सभागृहात मतदान होऊन निघत, त्यांना मुदत असे आणि ती संपली की नवा वटहुकूम काढावा लागे. कोनीच्या बाबतीत मात्र सहमत, तिथे बचाव नाही.

टांकसाळ

मुदतीवरून पुढे जातो, कारण १६६० मध्ये पार्लमेंट हाच धडा विसरलं. चार्ल्स दुसरा राजा म्हणून परत आला तेव्हा वर्षाला १२ लाख पौंड उत्पन्न बसवून द्यायचं ठरलं. जकात तहहयात आणि सरंजामी हक्कांच्या बदल्यात अर्धा अबकारी कायमचा. सुरुवातीला तूट आली म्हणून १६६२ मध्ये चूलपट्टी: दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग, दोन हप्त्यांत. चुली मोजायला माणूस घरात शिरणार, म्हणून हा कर सर्वांत नावडता. १६८९ मध्ये नवा राजा विल्यम याने लोकप्रियतेसाठी पहिला तोच रद्द केला.

तुटीमुळे राजा १६७० मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडून गुपचूप पैसे घेऊ लागला, १६७२ मध्ये सावकारांची परतफेडच थांबवली. पण १६८० नंतर व्यापार वाढला, जकात आपोआप फुगली आणि त्याला पार्लमेंटची गरजच उरली नाही. ठरीव दर तहहयात दिला की भरभराटीचा फायदा राजाला. १६८५ मध्ये जेम्स दुसऱ्याला हे उत्पन्न तर दिलंच, वर दारू, तंबाखू, साखरेवर आठ वर्षांचे जादा कर. उत्पन्न २० लाखांच्या घरात, हाताशी २० हजारांची फौज. त्याच नोव्हेंबरात त्याने पार्लमेंट तहकूब केलं, ते त्याच्या कारकिर्दीत परत भरलं नाही.

नदीष्ट

अवांतर, पण आपल्या अंगणातलं. मुंबई याच तंगीत हातची सुटली. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने चार्ल्स दुसऱ्याला हुंड्यात दिली, १६६५ मध्ये ताबा मिळाला, आणि बेट सांभाळणं परवडेना म्हणून मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडं वर्षाला १० पौंड सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. सनदेत मुंबई ही 'ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीप्रमाणे' धारण करायची असं लिहिलं आहे. लंडनजवळच्या एका गावच्या कुळकायद्याने माहीम-माझगाव! पार्लमेंटचा या व्यवहाराशी संबंध नव्हता, सगळं राजाच्या खास अधिकारात.

ते बोचत राहिलंच. डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईच्या फौजेचा कप्तान केजविन याने कंपनीविरुद्ध बंड केलं आणि किल्ला राजाच्या नावाने ताब्यात घेतला. पुढच्या नोव्हेंबरात राजाच्याच हुकमाने सोडला. त्याच सुमारास सँडिस नावाच्या व्यापाऱ्यावर कंपनीने मक्ता मोडल्याचा खटला भरला, आणि मुख्य न्यायाधीश जेफ्रीजने निकाल दिला की मक्तेदारी देणं हा राजाचा हक्कच आहे. १६९४ मध्ये कॉमन्सने ठराव केला की पार्लमेंटच्या कायद्याने मनाई नसेल तर पूर्वेच्या व्यापाराचा हक्क सर्व इंग्रजांना सारखाच. टनेज-पाउंडेजचंच भांडण, फक्त सुरत-मुंबईच्या मालावर.

खतावणी

वा, नदीष्ट. हे अवांतर नाहीच.

टांकसाळ यांचा धागा पूर्ण करतो. जेम्सला हटवून विल्यम आणि मेरी गादीवर आले, तेव्हाच्या १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात दोन वाक्यं कळीची आहेत. पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय, किंवा मंजुरीपेक्षा जास्त काळ वा वेगळ्या रीतीने पैसा वसूल करणं बेकायदा. आणि शांततेत पार्लमेंटच्या संमतीशिवाय खडी फौज ठेवणं बेकायदा. पहिल्यातले 'जास्त काळ' हे शब्द १६२५ चे आहेत असं मला नेहमी वाटतं.

पण कायद्यात लिहिलेलं १६२८ मध्येही होतंच. या वेळी फरक पैशाच्या गाठीत होता. १६९० मध्ये विल्यम आणि मेरीला अबकारी तहहयात दिला, जकात मात्र फक्त ४ वर्षांसाठी. विल्यम चिडला, पण फ्रान्सशी लढाई चालू होती, भांडायला सवड नव्हती. फौजेच्या शिस्तीचा कायदा पहिल्यांदा काही महिन्यांचाच, नंतर वर्षावर्षाचा. तो संपला तर पळून जाणाऱ्या शिपायावर लष्करी कोर्टात खटला चालवता येणार नाही, मग फौज कसली? १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले, व्याज पार्लमेंटने मंजूर केलेल्या करांतून. १६९८ मध्ये राजाच्या घरखर्चाला आणि मुलकी कारभाराला ७ लाखांची वेगळी रक्कम. १६८९ पासून एकही वर्ष पार्लमेंट भरल्याशिवाय गेलेलं नाही, आणि त्यासाठी कुणाला राजाचं मुंडकं उडवावं लागलं नाही.

शंकासुर

म्हणजे आपल्याकडे मार्चअखेर कधीकधी लेखानुदानाची (बजेट होईपर्यंतच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीची) धावपळ असते, ती हीच?

वहिवाट

वंशावळ तीच. संविधानाचं कलम २६५, कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवायचा नाही आणि वसूलही करायचा नाही. 'वसूलही' हा शब्द लक्षात घ्या, चार्ल्सची जकात तिथेच सापडते. खर्चाची मंजुरी वर्षाची, म्हणून वर्ष संपताना बजेट पूर्ण झालं नसेल तर लेखानुदान. आणि कलम १०५ च्या मूळ मजकुरात संसदेचे विशेषाधिकार 'ब्रिटिश कॉमन्सचे असतील तेच' असं नावानिशी होतं. ते नाव ४४व्या दुरुस्तीने निघालं.

बारव

जाता जाता एक. इंग्लंडात विधेयकाला राजमान्यता देण्याचे शब्द अजून जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये आहेत. साध्या विधेयकाला 'राजाची तशी इच्छा आहे' एवढंच. नकाराचं वाक्य 'राणी विचार करील', ते शेवटचं वापरलं १७०८ मध्ये ॲन राणीने, स्कॉटलंडच्या मिलिशियाच्या विधेयकाला. पण पैशाचं विधेयक असेल तर वाक्य लांबतं: राजा आपल्या सज्जन प्रजेचे आभार मानतो, त्यांची देणगी स्वीकारतो, आणि मग त्याची तशी इच्छा आहे.